ब्लेबिस्टॅटिन + जीएफपी: इमेजिंग केलेल्याच पेशी मरतात, मदत हवी आहे

एनआयएच-३टी३ पेशी (उंदराच्या फायब्रोब्लास्ट), जीएफपी-अ‍ॅक्टिन (पेशीच्या सांगाड्यातलं अ‍ॅक्टिन, त्याला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेलं), स्क्रॅच अ‍ॅसे (पेशींच्या थरावर ओरखडा काढून त्या कशा सरकतात ते पाहणं). नॉन-मसल मायोसिन २ (अ‍ॅक्टिनचे तंतू ओढणारं प्रथिन) रोखायला (–)-ब्लेबिस्टॅटिन हे रसायन: डीएमएसओ या द्रावकात १० मिलिमोलर स्टॉक, मीडियात २५ मायक्रोमोलर, म्हणजे डीएमएसओ ०.२५ टक्के. कंट्रोलला तेवढंच डीएमएसओ आणि ब्लेबिस्टॅटिनचं निष्क्रिय (+) रूप.

पहिल्या तासात अपेक्षित तेच दिसतं: स्ट्रेस फायबर (अ‍ॅक्टिन-मायोसिनचे ताणलेले जुडगे) विरतात, मागची बाजू सुटत नाही, लांब शेपट्या राहतात. पण दर २ मिनिटांनी ४८८ नॅनोमीटरने फोटो घेतला की त्या फील्डमधल्या पेशी गोल होऊन सुटतात. त्याच डिशमध्ये, लेझर न पडलेल्या पेशी ठणठणीत. फक्त डीएमएसओ असलेल्या डिशमध्ये त्याच एक्स्पोजरने काही होत नाही, म्हणजे दोष नुसत्या लेझरचा नाही. निळ्या प्रकाशात ब्लेबिस्टॅटिन निकामी होतं आणि विषारीही, हे माहीत आहे. लेझर कमी केला तर सिग्नलच उरत नाही.

दुसरी कटकट: थंड मीडियात स्टॉक टाकला की सुईसारखे स्फटिक, आणि तेही हिरवे चमकतात. ३७ अंशांच्या मीडियात थेंबथेंब, हलवत टाकल्यावर कमी होतात, पूर्ण जात नाहीत.

वाय-२७६३२ (मायोसिन चालू करणारं रॉक हे एन्झाइम रोखणारं रसायन) सुचवू नका. रॉक रोखलं की लिम कायनेज-कोफिलिनही (अ‍ॅक्टिनचे तंतू तोडण्यावर ताबा ठेवणारी जोडी) हलतं, मग परिणाम मायोसिनचा की अ‍ॅक्टिनचा कळत नाही.

मग ब्लेबिस्टॅटिनचे बदललेले प्रकार: पॅरा-नायट्रो की पॅरा-अमिनो ब्लेबिस्टॅटिन? नायट्रो प्रकाशात टिकतं, पण विरघळण्यात रडतं असं दिसतं. अमिनो लाइव्ह पेशींवर कोणी वापरलंय का, किती मायक्रोमोलर? की जीएफपीऐवजी सरळ एमचेरीवर (लाल चमकणारं प्रथिन) जाऊन ५६१ नॅनोमीटरचा लेझर वापरावा?