बिल रॅडोविचने करार मोडला ते योग्यच केलं

रानजाई
अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकचे पास मोजले जातात, रनिंग बॅक किती यार्ड धावला तेही मोजलं जातं. गार्डचं काम म्हणजे समोरच्या धिप्पाड गड्याला अंगावर घ्यायचं आणि या दोघांना वाट करून द्यायची. त्याच्या नावावर आकडे जमतच नाहीत. बिल रॅडोविच हे नाव त्या खेळाच्या चाहत्यांनाही फारसं माहीत नाही, यामागे हेही एक कारण असावं. मला ते फार सलतं.

हकिगत थोडक्यात अशी. रॅडोविच १९३८ पासून एनएफएल या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या डेट्रॉइट लायन्स संघात गार्ड होता. चार मोसम खेळून तो नौदलात गेला आणि १९४५ च्या मोसमाला परत आला. १९४६ मध्ये वडील आजारी पडले म्हणून त्याने लॉस एंजेलिसच्या एनएफएल संघात बदली मागितली. रॅम्स हा संघ त्याच वर्षी क्लीव्हलंडहून तिकडे गेला होता, म्हणजे मागणी काही जगावेगळी नव्हती. लायन्सने नकार दिला. मग त्याने करार मोडला आणि 'ऑल-अमेरिका कॉन्फरन्स' या प्रतिस्पर्धी लीगमधल्या लॉस एंजेलिस डॉन्सकडून दोन मोसम खेळला.

खरा अन्याय पुढे आहे. १९४८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को क्लिपर्सने त्याला खेळाडू-प्रशिक्षकाची नोकरी देऊ केली. हा संघ एनएफएलचा नव्हता, पण त्याच्या लीगचे एनएफएलशी संबंध होते. एनएफएलने कळवलं की हा माणूस काळ्या यादीत आहे, त्याला घेणाऱ्या संघाला जबर दंड होईल. क्लिपर्सनी माघार घेतली. रॅडोविच थेट एनएफएलविरुद्ध कोर्टात गेला. माझ्या मते त्या काळातल्या कुठल्याही स्टार खेळाडूने दाखवलं नाही इतकं धैर्य या गार्डने दाखवलं.

मैदानवेडा
वडिलांच्या आजारपणाबद्दल सहानुभूती आहेच, पण सही त्याने स्वतः केली होती. मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या संघात जाता येणार नाही, असं कराराच्या ठरलेल्या मसुद्यात स्वच्छ लिहिलेलं असे.

तो काळही बघा. १९४६ ते १९४९ दोन्ही लीग एकमेकांचे खेळाडू पळवत होत्या. पगार फुगले, मालक तोट्यात गेले. शेवटी ऑल-अमेरिका कॉन्फरन्स बंद पडली आणि तिचे फक्त तीन संघ १९५० मध्ये एनएफएलमध्ये आले: क्लीव्हलंड ब्राउन्स, सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्स आणि बाल्टिमोर कोल्ट्स. बाकीच्या संघांतल्या कितीतरी खेळाडूंची रोजीरोटी गेली असेल. ज्याला वाटेल त्याने ऐन वेळी उठून जायचं ठरवलं तर लीग टिकणार कशी?

विधिज्ञ
मैदानवेडा, करार मोडला हे कुणीच नाकारत नाही. पण करार मोडणाऱ्यावर दावा लावता येतो, नुकसानभरपाई मागता येते, दुसरीकडे खेळण्याविरुद्ध मनाई हुकूम मागता येतो. तो रस्ता लायन्सना मोकळा होता. इथे सगळे मालक संगनमताने म्हणाले की या माणसाला कुठेच काम मिळू द्यायचं नाही, आणि तो दबाव आपल्या लीगबाहेरच्या संघावरही आणला. असं संगनमत मक्तेदारी रोखणाऱ्या १८९० च्या शर्मन कायद्याच्या कक्षेत येतं.

खालच्या दोन्ही कोर्टांनी रॅडोविचचं म्हणणं साक्षीपुराव्यापर्यंत जाऊच दिलं नाही. बेसबॉलला १९२२ च्या निकालाने त्या कायद्यातून सूट मिळाली होती आणि १९५३ मध्ये ती कायम झाली होती, तीच फुटबॉललाही लावली गेली. २५ फेब्रुवारी १९५७ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हे उलटवलं. सूट फक्त बेसबॉलपुरती, फुटबॉल हा व्यवसाय आहे आणि त्याला कायदा लागू आहे.

मैदानवेडा
त्या निकालातच तर्काची ओढाताण आहे. न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मतात विचारलं तेच मी विचारतो. बेसबॉल आणि फुटबॉल यांत कायद्याच्या दृष्टीने फरक कुठला? बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती क्लार्क यांनीही कबूल केलं की बेसबॉलचा प्रश्न पहिल्यांदाच समोर आला असता तर त्यालाही सूट दिली नसती. रॅडोविच बेसबॉल खेळत असता तर हरला असता. मग विजय तत्त्वाचा कसा म्हणायचा?

सांजवारा
माझा आक्षेप वेगळा आहे. रॅडोविचने खेळाडूंना मुक्त केलं, असा सूर इथे लागतोय. निकालाने त्याला फक्त खटला चालवायची परवानगी मिळाली. मागणी होती १,०५,००० डॉलरची, तडजोड झाली ४२,५०० वर. एनएफएलचे खेळाडू बांधलेलेच राहिले. उलट १९६३ मध्ये 'रोझेल नियम' आला: करार संपवून गेलेल्या खेळाडूच्या बदल्यात नव्या संघाने काय द्यायचं, ते लीगचा प्रमुख म्हणजे कमिशनर ठरवणार. त्या भीतीने कुणी घ्यायलाच धजेना. १९७६ मध्ये जॉन मॅकी या फुटबॉलपटूच्या खटल्यात तो नियम पडला, आणि मोकळेपणाने संघ बदलायची सोय यायला १९९३ उजाडलं. श्रेय द्यायचं तर मॅकीला द्या.

रानजाई
सांजवारा, मॅकी कुठल्या कायद्याच्या आधारावर उभा होता? १९७२ मध्ये बेसबॉलचा कर्ट फ्लड याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात हरला, कारण बेसबॉलची सूट शाबूत होती. मॅकी जिंकला, कारण फुटबॉलची सूट रॅडोविचने आधीच घालवली होती. शिवाय १९५६ मध्ये स्थापन झालेल्या खेळाडू संघटनेला कमिशनर बर्ट बेल दाद देत नव्हते. १९५७ च्या अखेरीस त्यांनी मान्यता दिली. निकाल त्याच वर्षी फेब्रुवारीतला, आणि संघटनेच्या हातात आता याच कायद्याखाली दावा लावायची धमकी होती.

पायवाट
हे वाचताना आयसीएल ही बीसीसीआयच्या मान्यतेविना निघालेली क्रिकेट लीग आठवली. २००७ मध्ये तिकडे गेलेल्या क्रिकेटपटूंवर बीसीसीआयने बंदी घातली होती. अंबाती रायुडूसारख्यांना २००९ मध्ये माफी मिळाली तेव्हा कुठे परत येता आलं. 'तिकडे गेलास तर इकडचं दार बंद' ही रीत तीच.

मैदानवेडा
फरक आहे. रॅडोविचचा लायन्सशी चालू करार होता. त्यामुळे १९४६ च्या बाबतीत मी लायन्सच्याच बाजूने आहे, शेवटपर्यंत. १९४८ चं समर्थन मात्र मी करणार नाही. गार्डची कारकीर्द शरीर झिजवणारी. तिशी ओलांडलेल्या माणसाला प्रशिक्षक म्हणून पाऊल टाकायची संधी आली होती. ती हिरावून लायन्सचं कुठलं नुकसान भरून निघणार होतं?

विधिज्ञ
मैदानवेडा, तुमच्या बेसबॉलच्या मुद्द्यावर एक भर. क्लार्क यांनी ती विसंगती दूर करायचं काम काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकन संसदेवर सोपवलं होतं. त्याचा परिणाम पुढे दिसतो. १९६१ मध्ये एनएफएलला सगळ्या संघांचे दूरचित्रवाणी हक्क एकत्र विकायचे होते. फेडरल न्यायालयाने तो करार अडवला आणि लीगला काँग्रेसकडून खास कायदा करून घ्यावा लागला. १९६६ मध्ये एएफएल या प्रतिस्पर्धी लीगशी विलीनीकरण ठरलं तेव्हाही पुन्हा काँग्रेसपुढेच जावं लागलं. दोन्ही वेळा सूट मिळाली, पण मागूनच घ्यावी लागली. १९५७ चा निकाल उलटा गेला असता तर यातलं काहीच मागायची गरज पडली नसती.