कर्वेनगरचा भाड्याचा फ्लॅट: मालक दुरुस्ती करत नाहीत, भाडं थांबवावं का?

नांदेडची_मुलगी

नमस्कार. आम्ही चौघी पुण्यात कर्वेनगरला टू बीएचके घेऊन राहतो. दोघी इंजिनीअरिंगला, एक सीए करतेय, मी एमएस्सीला. भाडं २४ हजार, डिपॉझिट ७० हजार, ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट, ऑनलाइन रजिस्टर केलेलं.

पाऊस लागल्यापासून बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल आलीय, पोपडे सुटून गादीवर पडतात. बाथरूमचं छत वेगळंच गळतं. त्याचा पावसाशी संबंध नाही, वरच्या घरात कुणी आंघोळीला गेलं की ठिबकायला लागतं. आणि मला खरी भीती वाटते ती गीझरची. तो चालू असताना नळाला हात लावला की मुंग्या येतात. रूममेट म्हणते चप्पल घालून आंघोळ करू. मला ते पटत नाही.

मालक काका नाशिकला असतात. आधी 'हो बेटा, माणूस पाठवतो' म्हणायचे. माणूस कधी आला नाही. मग म्हणाले, 'आधीची मुलं राहून गेली, त्यांनी कधी तक्रार केली नाही.' आता फोनच उचलत नाहीत. एजंट म्हणतो, माझं काम ॲग्रीमेंटपर्यंतच.

बाबा म्हणतात घर सोडा. पण परीक्षा तोंडावर आहे आणि नवीन घर म्हणजे पुन्हा एक महिन्याची दलाली. पुढच्या महिन्याचं भाडं थांबवलं तर चालेल का? डिपॉझिट अडकवतील का?

तारजोडणी

ताई, भाडं-डिपॉझिट नंतर. गीझरचा एमसीबी (बोर्डावरचा खटका) आत्ता पाडा आणि कुणी चुकून वर करू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावा. पाणी गॅसवर तापवा.

मी वायरिंगची कामं करतो. नळाला मुंग्या येतात याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: एलिमेंट (गीझरमधली पाणी तापवणारी कॉइल) लीक झालंय आणि अर्थिंग धड नाही. अर्थिंग नीट असतं आणि घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) असता तर तो ट्रिप झाला असता, तुम्हाला झटका बसला नसता. चप्पल हा उपाय नाही. ओल्या अंगाला करंट लागला तर माणूस नळ सोडूच शकत नाही.

मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची, मीटरच्या पुढचं वायरिंग घरमालकाचं. त्यामुळे वीज कंपनीकडे तक्रार करून उपयोग नाही. लायसन्स असलेला इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या आणि काय सापडलं ते त्याच्या बिलावर त्याच्या अक्षरात लिहून घ्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचा आग्रह धरा.

आणि मालक 'त्यापेक्षा गॅस गीझर लावून देतो' म्हणाले तर बंद बाथरूममध्ये तो अजिबात लावू देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडतो.

माजी_सेक्रेटरी_कोथरूड

मी बरीच वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो, असे वाद खूप पाहिलेत. तुमच्या दोन गळत्या दोन वेगळ्या माणसांच्या आहेत, त्या एका मेसेजमध्ये घालू नका.

बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी हे उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या नियमांप्रमाणे) सोसायटीचं काम. खर्च सोसायटीचा. बाथरूमचं ठिबकणं वरच्या फ्लॅटमधून असेल तर दुरुस्ती वरच्या सभासदाने करायची. तुमच्या मालकांच्या खिशातून यातलं फारसं काही जात नाही! पुष्कळ मालक याच गैरसमजात गप्प बसतात की आता लाखभर रुपये घालावे लागणार. त्यांना हे लिहून कळवा, सूर बदलेल.

अडचण अशी की तुम्ही सभासद नाही, त्यामुळे कमिटी तुमची तक्रार टाळू शकते. तरी चौघींच्या सहीचं पत्र ऑफिसात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. त्या पोचेचा फोटो मालकांना पाठवा आणि म्हणा, 'काका, सभासद म्हणून तुमचा एक ईमेल कमिटीला जाऊ द्या.' नाशिकहून तेवढं होतं.

बाहेरून वॉटरप्रूफिंग भर पावसात होत नाही, झालं तरी टिकत नाही. आता भेगा बुजवून घ्या, गाद्या भिंतीपासून लांब सरकवा आणि दिवाळीनंतर काम सुरू करायची तारीख लेखी मागा.

वकील_ताई

भाडं थांबवू नका. थांबवलंत की चूक त्यांच्याकडून तुमच्याकडे येते.

इथे कुणीतरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम १४ सांगेलच. त्यात आहे ते असं: किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपर्यंत. पण ते कलम भाडेकरूसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारी व्यक्ती कायद्याने लायसन्सी (फक्त वापराची परवानगी असलेली) असते, भाडेकरू नव्हे. मुलं हे कलम वाचून परस्पर पैसे कापतात आणि मग डिपॉझिटवरून भांडण लागतं.

तुमचा आधार तुमचं ॲग्रीमेंट. आज रात्री ते काढून तीन गोष्टी शोधा: दुरुस्ती कुणाकडे, लॉक-इन (घर सोडता न येणारा काळ) किती, नोटीस किती दिवसांची. मग ॲग्रीमेंटवरच्या मालकांच्या पत्त्यावर चौघींच्या सहीचं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, तेच ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही. भाषा साधी ठेवा: 'गीझरला करंट येतो. इलेक्ट्रिशियनचा शेरा जोडला आहे. अमुक तारखेपर्यंत आपला माणूस आला नाही तर आम्ही दुरुस्ती करून घेऊन बिल पुढच्या भाड्यात वळतं करू का, ते कळवावे.' त्यांचा लेखी होकार आला की पैसे कापा, त्याआधी नको.

डिपॉझिटसाठी ओल, पोपडे, छत यांचा व्हिडिओ आत्ताच काढून स्वतःला ईमेल करून ठेवा. 'भिंत मुलींनी खराब केली' असा दावा आला तर तो आणि सोसायटीची पोच कामी येईल. आणि मुदत संपल्यावर नवीन ॲग्रीमेंटशिवाय राहू नका, त्याच कायद्याच्या कलम २४ खाली मालकाला भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते.

नांदेडची_मुलगी

सगळ्यांचे मनापासून आभार. इलेक्ट्रिशियन येऊन गेला. एलिमेंट गेलेलं होतं आणि अर्थची वायर सॉकेटमध्ये जोडलेलीच नव्हती. नुसती मागे सोडून दिलेली! त्याने तसं बिलावर लिहिलं. फोटो पाठवल्यावर काकांचं उत्तर आलं, 'करून घे, भाड्यातून कमी कर.' आरसीसीबीलाही हो म्हणाले. ॲग्रीमेंटमध्ये मोठी दुरुस्ती मालकाकडेच आहे.

अडलंय ते बाथरूमचं. वरच्या काकू म्हणतात, नव्या टाइल्स बसवल्यात, मी फोडू देणार नाही.

माजी_सेक्रेटरी_कोथरूड

टाइल्स फोडायची गोष्ट पहिल्यांदा काढूच नका, तिथेच बोलणं संपतं. कमिटीचा एक माणूस सोबत घेऊन काकूंकडे जा आणि फक्त एक तपासणी मागा. त्यांच्या नहाणी ट्रॅपमध्ये (बाथरूमच्या जमिनीतली पाणी जायची जाळी) बादलीभर रंगीत पाणी ओतायचं आणि खाली तुमच्या छताखाली थांबायचं. लगेच रंग उतरला तर ट्रॅपचा किंवा पाइपचा जोड गेलाय. रंग आला नाही तर जमिनीवर रंगीत पाणी साचवून ठेवा. त्यानंतर उतरला तर टाइल्सच्या सांध्यांतून झिरपतंय, तिथे इपॉक्सी ग्राउट (सांध्यांत भरायचा पाणी न झिरपणारा मसाला) भरून बघतात, फोडाफोड लागत नाही. दोन्ही वेळचे फोटो कमिटीच्या माणसाच्या मोबाइलवर काढायला सांगा, तुमच्या नको.