ग्रास कटरचा एअर फिल्टर उंदराने खाल्ला, घरी बनवायला कुठला फोम चालेल?

कलमवाला:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे ४३ सीसीचा टू स्ट्रोक ग्रास कटर आहे, जुलैत एकदा बेणणी केली आणि मग पडवीत टांगून ठेवला. काल काढला तर एअर फिल्टरच्या डब्यात फोमऐवजी नुसता भुगा, अर्धा उंदराने नेलाय आणि उरलेला हात लावला की पिठासारखा गळतोय. दुकानात विचारलं तर म्हणाला या मॉडेलचा फिल्टर मागवावा लागेल, आठ दहा दिवस. इकडे गवत कमरेला आलंय आणि गडी उद्यापासून येणार. घरात भांडी घासायचा स्पंज आहे, जुन्या गादीचा फोम आहे, बायको म्हणते बनियन लाव. काय चालेल? की चार दिवस फिल्टर न लावताच चालवू, गवतात कुठे एवढी धूळ असते?

बनियनछाप:
बनियनचे दोन पदर लावून मी अख्खा सीझन काढलाय दादा, काही होत नाही. फक्त कपडा आत ओढला जाऊ नये म्हणून मागे जाळी ठेवा.

पाना१२१३:
दादा फिल्टर काढून चालवू नका, एक दिवस पण नको. गवतात धूळ नसते असं वाटतं पण ब्लेड जमिनीला टेकलं की काय उडतं ते चष्म्यावर बघा संध्याकाळी. त्यात तुमचा टू स्ट्रोक, म्हणजे हवा आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे खालच्या क्रँकच्या डब्यात जाते आणि मग वर सिलिंडरला, म्हणजे धूळ नुसत्या रिंगा पिस्टन खात नाही, क्रँकचं बेअरिंग पण खाते.

आता फोम. गादीचा नको आणि भांड्यांचा स्पंज पण नको, त्यातल्या बऱ्याच भोकांना पातळ पडदे असतात, हवा आरपार जात नाही. तोंडाला लावून फुंकून बघा, गाल फुगले की तो फोम बाद. ४३ सीसी म्हणजे ७००० आरपीएमला कागदावर मिनिटाला ३०० लिटर हवा होते, प्रत्यक्षात कमी धरा, तरी तेवढी त्या काडेपेटीएवढ्या तुकड्यातून जायची आहे. हवा कमी पडली की मिक्श्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, काळा धूर, प्लग काजळी धरतो, रेस घेत नाही.

माशांच्या टाकीच्या फिल्टरचा काळा फोम मिळतो तो घ्या, अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात. त्याची भोकं पूर्ण उघडी असतात. ३० पीपीआय, ४५ पीपीआय असं विचारा, म्हणजे एका इंचात किती भोकं. ४५ वाला बरा. पेट्रोलचे दोन थेंब टाकून बघा, थोडा फुगला तर हरकत नाही, चिकट होऊन विरघळायला लागला तर फेकून द्या.

आणि खरी गोष्ट पुढे आहे जी कोणी करत नाही. ४५ पीपीआयचं भोक पण साधारण अर्ध्या मिलिमीटरचं असतं, आणि इंजिनाला मारणारी धूळ १० २० मायक्रॉनची, म्हणजे भोक तिच्यापेक्षा पंचवीस पन्नास पट मोठं. फोम चाळणीसारखा धूळ अडवतच नाही, वाकड्या वाटेने जाताना ती तेलाला चिकटते. तेल नाही तर फिल्टर नाही. साधं २० डब्ल्यू ४० इंजिन ऑइल चमचाभर, मुठीत दाबून सगळीकडे पसरवा आणि मग कापडात धरून पिळा, ठिबकला नाही पाहिजे. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू टी ऑइल नको, ते पातळ असतं.

वऱ्हाडी वीडर:
पाना भाऊ म्हणते ते सोळा आणे खरं. मी पॉवर वीडरवर मास्कची अक्कल लावून पाह्यली होती, म्हटलं इतकी बारीक धूळ अडवते तर इंजिनाला काऊन नाही. कपाशीत अर्धा तास चालला नाही तं घुसमटला. मास्कचं कापड नाकापुरतं असते राजेहो. मग वैतागून उघडंच चालवलं, मे महिन्याची काळी माती, तिसऱ्या आठवड्यात कॉम्प्रेशन गेलं, दोरी एका बोटानं ओढल्या जाये. बोअर, पिस्टन, रिंगा, सगळं नवीन.

बनियनवाल्या दादांना एकच सांगतो, पदर लावले पण कडा बसल्या का? धूळ कपड्यातून नाही, बाजूच्या फटीतून जाते. फोम डब्यापेक्षा दोन तीन मिलिमीटर मोठा कापा, दाबून बसला पाहिजे, आणि कडेला बोटानं ग्रीस फिरवा. आमच्यासारखं ज्याच्या इंजिनात फोमच्या मागं कागदी फिल्टर आहे त्यानं मात्र फोमला तेल पाजू नका, कागद ओला होते.

कलमवाला:
सगळ्यांचे आभार. अ‍ॅक्वेरियमचा फोम मिळाला, पण इंचभर जाडीचा. तसाच कोंबला तर ग्रास कटर नुसता ढूं ढूं करून बसायचा, प्लग काढला तर काळाकुट्ट. मग ब्लेडने उभा चिरून जाडीला अर्धा केला, जुन्या डब्याच्या झाकणावर ठेवून पेनाने आखून कापला, तेल लावून पिळला, आता दणकून रेस घेतो. दोन दिवसांत कोपऱ्यावरच्या बागेचं बरंचसं गवत उतरलं. आज फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात पांढरं फडकं फिरवलं, तेलकट डाग आला पण बोटांत चोळल्यावर कचकच नाही. हे बरोबर ना? एकच, फोम पेट्रोलने ओला दिसतो.

पाना१२१३:
बरोबर. कचकच लागली तर फट शोधायची. पेट्रोल दिसतं ते टू स्ट्रोक कार्बोरेटर मागे थुंकतो म्हणून, त्याने तुमचं तेल धुतलं जातं. म्हणून रोज संध्याकाळी साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि परत तेल. दोन तुकडे कापून ठेवा म्हणजे एक वाळतो तोवर दुसरा. चुलीजवळ वाळवू नका हो, एकाने केलंय.

कलमवाला:
दोन कापलेत. एक आता बंद डब्यात ठेवलाय, स्टीलच्या.