८३च्या सह्यांची बॅट: लिलावात बोली लावू का? (बजेट १० हजार)

परळचा_पाहुणा: बाबांच्या पंचाहत्तरीला क्रिकेटचं काहीतरी द्यायचंय. एका लिलाव साइटवर ८३चा वर्ल्डकप जिंकलेल्या संघातल्या चौदाही जणांच्या सह्यांची छोटी बॅट आहे. वर्णनात 'विजयाच्या चाळिशीनिमित्त २०२३च्या समारंभात घेतलेल्या सह्या', सोबत सर्टिफिकेट. बोली ८,५००वर, उद्या रात्री ११ला संपते. बजेट १० हजार, वर एक पैसा नाही. त्याच विक्रेत्याकडे जुनं तिकीटही आहे: 'इंग्लंड कसोटी, वानखेडे, फेब्रुवारी १९७३', ३,०००ला. ती मॅच बाबांनी पाहिलीय. काय घेऊ?

पार्ल्याचा_ओपनर: दहा हजारात काय येतं हल्ली? माझी सहीवाली जर्सी ४५ हजारांची, फ्रेमचे वेगळे. हॉलमध्ये लावलीय, येणारा प्रत्येक जण विचारतो. थांब जरा, पैसे साठव.

परळचा_पाहुणा: वाढदिवस पंधरवड्यावर आलाय हो.

कागदकिडा: सर्टिफिकेटचं कौतुक नको, ते घरच्या प्रिंटरवरही निघतं. दिलंय कोणी ते बघ. सह्यांचे जवळून, तिरप्या उजेडात काढलेले फोटो माग. हाताने केलेल्या सहीत पेन टेकतं-उचलतं तिथे शाई जमते, लाकडाच्या रेषांत थोडी पसरते. छापील सहीची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी. फोटो द्यायला टाळाटाळ केली तर नाद सोड.

मुलुंड_लोकल: चौदा कसले? वॉल्सन एकही मॅच खेळला नाही. तेरा धरा.

गिरगाव_गल्ली: संघात होता म्हणजे होता! खेळवलं नाही हा त्याचा दोष का?

मुलुंड_लोकल: दोष कोण देतंय? सहीच्या भावाचं बोलतोय.

कट्ट्यावरचा_काका: तेरा-चौदा राहू दे. यशपाल शर्मा जुलै २०२१मध्ये गेले. २०२३ला त्यांची सही केली कोणी?

परळचा_पाहुणा: बाप रे!! बोली लावणारच होतो आज.

पार्ल्याचा_ओपनर: तेच म्हणतोय मी. सर्टिफिकेटवर जाऊ नये. माझ्या जर्सीला होलोग्रॅम आहे.

कागदकिडा: होलोग्रॅमचे रोलही मिळतात बाजारात.

ठाण्याची_मावशी: बोलीचा आकडा म्हणजे किंमत नव्हे, हे कोणी सांगितलंच नाही. आमच्या ह्यांनी १२ हजारांना जिंकलं म्हणून पेढे वाटले, बिल आलं १५च्या पुढे. खरेदीदाराचा प्रीमियम (म्हणजे लिलाववाल्यांचं कमिशन), त्यावर जीएसटी, वर कुरिअर. प्रीमियम २० टक्के असेल तर १० हजारवाल्याने ८च्या आतच थांबायचं. आणि शेवटच्या पाच मिनिटांत फोन हातात घेऊच नका, समोरचा शंभर वाढवतो, आपण दोनशे. जास्तीत जास्त आकडा आधीच ऑटो-बिडला टाकायचा, तिथपर्यंत साइट आपोआप बोली लावते, आणि झोपायचं.

मुलुंड_लोकल: शुक्रवारी पहाटे चोरबाजारात जा. वस्तू हातात घेऊन बघता येते, प्रीमियम नाही, काही नाही.

गिरगाव_गल्ली: चोरबाजारात खरं-खोटं ओळखायला आधी दहा वर्षं फसावं लागतं.

कट्ट्यावरचा_काका: आता तिकीट. ७३ची इंग्लंड कसोटी ब्रेबॉर्नला झाली. वानखेडेवर पहिली कसोटी जानेवारी १९७५, वेस्ट इंडीजशी. मी होतो ब्रेबॉर्नला. विश्वनाथचं शतक झालं तेव्हा इंग्लंडच्या टोनी ग्रेगने त्याला तान्ह्या बाळासारखं उचलून जोजवलं होतं! तर मुद्दा: 'वानखेडे' तिकिटावरच छापलंय की नुसतं वर्णनात आहे? छापलं असेल तर रद्दी. विक्रेत्याने ठोकून दिलं असेल तर तिकीट खरं असूही शकतं.

कागदकिडा: असू शकतं, पण बॅटवाला तोच माणूस आहे ना? त्याच्याकडून काडेपेटीसुद्धा घेऊ नये.

ठाण्याची_मावशी: +१. मावशीचं ऐक.

पार्ल्याचा_ओपनर: +१. जर्सीच घे.

परळचा_पाहुणा: बॅट सोडली, तक्रारही नोंदवली. तिकिटाचा मोठा फोटो मागवला. त्यावर क्रिकेट क्लब ऑफ इंडिया (ब्रेबॉर्न त्यांचंच) छापलंय, वानखेडेचं नाव कुठेच नाही, आणि दारावर आत सोडताना फाडलेला कोपराही आहे. घेऊन टाकलं. सगळं धरून ३,९००ला पडलं. माफ करा मंडळी.

कागदकिडा: तुझे पैसे, तुझी हौस. लॅमिनेट मात्र करू नकोस. आपल्या दमट हवेत जुन्या कागदाला बुरशी लगेच धरते, पीव्हीसी नसलेलं कव्हर आण आणि सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेव. बाथरूमच्या भिंतीवर फ्रेम टांगू नकोस.

कट्ट्यावरचा_काका: कुठल्या दिवसाचं आहे? कोणता स्टँड?

मुलुंड_लोकल: सहा हजार उरले की. वॉल्सनची सही शोध, स्वस्तात मिळेल.

गिरगाव_गल्ली: झालं ह्यांचं परत सुरू.