चिखलपट्टा 'जिवंत' हे ठरवायचं कशावरून?

खाजनकाठ: सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, २०१९ च्या अधिसूचनेत 'जैविकदृष्ट्या सक्रिय' चिखलपट्टे सर्वांत कडक संरक्षणाच्या, म्हणजे १-अ गटात येतात. पण सक्रिय म्हणायचं कोणत्या पट्ट्याला? माझं मत, गोव्यात झुआरी नदीच्या मुखाजवळ चिखलीच्या उपसागरापासून सुरुवात करावी आणि तळजीव (तळाच्या चिखलात राहणारे बारके प्राणी) मोजून आंबी (एएमबीआय) या निर्देशांकाने ठरवावं. प्रजाती प्रदूषण सोसण्याच्या ताकदीनुसार पाच गटांत पडतात आणि शेवटी एकच आकडा हाती येतो. सुनावणीत 'इथं खूप जीव आहेत' याला कोण विचारतो? आकडा टिकतो.

पागेर: टिकेल, पण आपल्याच विरुद्ध! जूनपासून मांडवी-झुआरीत गोडं पाणी उतरतं, क्षारता कोसळते, नाजूक जीव मरतात. मग माजतात ते सोशिक, भराभर वाढणारे पॉलिकीट, म्हणजे समुद्री कृमी. सांडपाण्याच्या तोंडाशीही तेच माजतात. पाऊस कुठला नि गटार कुठलं, हे निर्देशांकाला कळत नाही. ऑक्टोबरात नमुना घेतलात तर धडधाकट पट्टाही 'बिघडलेला' ठरेल आणि जेटीवाल्यांचा वकील तोच अहवाल फडकवील.

खाजनकाठ: म्हणूनच एप्रिल-मेचा नमुना पाया धरायचा, आणि तुलना त्याच जागेची, त्याच महिन्याशी. मातीचा पोत आणि सेंद्रिय कार्बन सोबत मोजला नाही तर आकड्याला काडीचा अर्थ नाही, हे मान्य.

अर्धा_मिमी: अहो, आधी नमुना तरी धड घ्या. ०.०४ चौ. मी.चा व्हॅन वीन ग्रॅब, म्हणजे तळाचा चिखल जबड्यात पकडून वर आणणारं यंत्र, एका ठिकाणी किमान तीनदा. जबड्यात शिंपला अडकून फट राहिली की वर खेचताना चिखल धुपून जातो. असा नमुना सरळ फेकावा. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर पाण्याची धार मारू नये, कृमी तुटून निसटतात. चाळण पाण्यात बुडवून हलवावी. मोजायची ती फक्त डोकी, तुकडे नव्हेत. नमुना टिकवायच्या फॉर्मलिनमध्ये आम्लता मारणारं बोरॅक्स नसलं तर शिंपल्यांची कवचं विरघळू लागतात, आणि जीवांना गुलाबी रंगवणारा 'रोझ बेंगाल' रंग नसला तर बारके जीव गाळात हरवतात. अहवालांमधली बरीच तफावत इथलीच असते.

पागेर: हे सगळं नीट केलं तरी माझा मुद्दा उरतोच. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेच्या जागी बसवलेली ती चपटी शिंप, प्लाकुना, तळहाताएवढी असते नि चिखलावर विरळ पसरते. ग्रॅबचं तोंड जेमतेम २० बाय २० सेंटिमीटर. त्यात शून्य आलं म्हणून शिंप नाही म्हणणार? ओहोटीला एक चौरस मीटरची चौकट टाकून हाताने मोजा.

खाजनकाठ: चौकटीत ओहोटीला उघडा पडतो तेवढाच भाग येणार. पाण्याखालचं काय?

पागेर: तिथं बुडी मारून, गढूळ पाण्यात चाचपून. खर्च वाढेल. वाढू दे.