मदत हवी आहे: खारबंधाऱ्याची खांड उपग्रहचित्रांवरून ओळखणारं साधन, त्यासाठी संशोधन निधीचा प्रस्ताव

खारपाटी:
पेण-अलिबाग पट्ट्यात, धरमतर खाडीकाठच्या खारजमिनींसाठी एक साधन करायचं ठरतंय. भरतीचं पाणी अडवणाऱ्या खारबंधाऱ्यांना पडलेल्या खांडी (भगदाडं) शोधून, पावसाळ्याआधी कोणत्या बंधाऱ्याची डागडुजी आधी करायची याची क्रमवार यादी त्यातून निघावी. अर्ज अनुदानित महाविद्यालयाकडून जाईल, भूगोल आणि संगणक विभाग मिळून. मुदत ३ वर्षं.
सध्याची मांडणी: सेंटिनेल-१ (रडार) आणि सेंटिनेल-२ (कॅमेरा) या युरोपीय उपग्रहांची मोफत चित्रं, त्यावर नासा-आयबीएमचं खुलं 'पृथ्वी' मॉडेल इथल्या नमुन्यांवर पुन्हा शिकवायचं. डेटा फुकट, मॉडेल फुकट, म्हणून निम्म्याहून जास्त पैसे जीपीयूसाठी (मॉडेल शिकवायला लागणारी संगणक-कार्डं) धरलेत. निधी कुठे मागावा आणि या मांडणीत काय चुकतंय, दोन्ही सांगा.

भांग-उधाण:
आधी चुका. बंधारा काही मीटर रुंद, सेंटिनेल-२ चा पिक्सेल १० मीटरचा. खांड चित्रात दिसणारच नाही, दिसेल ते खांडीतून आत आलेलं पाणी. 'पृथ्वी' तर ३० मीटरच्या चित्रांवर शिकलेलं आहे. २०२३ ची पहिली आवृत्ती फक्त अमेरिकेच्या भूभागावर, २०२४ ची दुसरी जगभरच्या चित्रांवर, पण पिक्सेल तोच. आपल्याकडच्या चिंचोळ्या खाचरांना तो फार मोठा पडतो.

दुसरं, पावसाळ्यातली चित्रं वगळा. ढग असतातच, शिवाय लावणीनंतर सगळीच शेतं पाण्याखाली. रडारला लावणीचं पाणी आणि खाडीचं पाणी सारखंच काळं दिसतं. भात कापून जमीन सुकली की, म्हणजे जानेवारी ते मे, शेतात पाणी दिसलं तर ते कुठून आलं हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. या काळात आकाशही बहुतेक मोकळं असतं.

आता भरती. याच्याकडे मॉडेलवाले हमखास दुर्लक्ष करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे कोळीवाड्यात कुणीही सांगेल. पुनवेला किंवा अवसेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. सेंटिनेल-२ आपल्यावरून जातो सकाळी अकराच्या सुमारास. खाडीत आत भरती थोडी उशिरा पोचते, तरी उधाणाच्या, म्हणजे पुनव-अवसेच्या मोठ्या भरतीच्या, दिवशी त्या वेळी पाणी चांगलं चढलेलं असतं. दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी फेरी आणि उधाण साधारण १५ दिवसांनी, म्हणजे तीन फेऱ्यांतली एक उधाणाच्या जवळपास पडतेच. बाकीच्या दोन भांगाकडच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीकडच्या. उधाणाच्या चित्रात शेत ओलं आणि भांगाच्या चित्रात कोरडं, असं एकाच मोसमात चार-पाच वेळा झालं तर खांडीचा संशय पक्का.

सेंटिनेल-१ चं उलट. त्याची फेरी सकाळी किंवा संध्याकाळी सहा-साडेसहाच्या आसपास. उधाणाच्या दिवशी तेव्हा ओहोटी असते आणि सहाला भरती येते ती अष्टमीला, भांगाची. एकट्या रडारवर विसंबलात तर उधाणाचा माथा तुम्हाला कधीच दिसणार नाही. मात्र उधाणाच्या ओहोटीलाही शेतात पाणी अडकलेलं दिसलं तर ती उपयोगी खूण आहे. सपाट, सुकलेला चिखलही रडारवर काळाच येतो, एवढं लक्षात ठेवा.

यासाठी सुरुवातीला एआय लागतच नाही. हिरवा आणि लघु-अवरक्त पट्टा घेऊन पाण्याचा निर्देशांक काढा, उंबरठा ठरवा, भरतीच्या तक्त्याशी जोडा. गढूळ खाडीच्या पाण्याला जवळच्या अवरक्तापेक्षा हा पट्टा बरा, फक्त तो २० मीटरचा आहे. ही पायाभूत पद्धत प्रस्तावात आधी मांडा आणि मॉडेलने तिला किती मागे टाकलं ते मोजायचं कबूल करा.

खारपाटी:
तिथीचं गणित डोक्यातच आलं नव्हतं, आभार. एक अडचण: या पट्ट्यात जिताडा माशाची तळी आहेत, पेणकडे मिठागरंही. उन्हाळ्यात तिथे पाणी असतंच. ती सगळी खांड म्हणून मोजली जातील.

भांग-उधाण:
मॉडेलचं खरं काम तिथेच आहे. गूगलने २०२५ मध्ये अर्थ इंजिन या आपल्या उपग्रहचित्रांच्या मंचावर वार्षिक एम्बेडिंग (वर्षभराच्या चित्रांचं आकड्यांतलं सार) खुली केली आहेत: १० मीटरच्या प्रत्येक पिक्सेलला ६४ आकडे, २०१७ पासून दर वर्षाचे. तळं, मिठागर, कांदळवन, खाचर आणि पडीक खार वेगळे करायला ती पुरतात. काहीशे नमुन्यांवर साधं रँडम फॉरेस्ट (वर्गीकरणाची हलकी पद्धत) चालवा. जीपीयू लागत नाही. पण वर्षाचा एकच संच असल्याने पंधरवड्याचं उधाण त्यात विरघळून जातं, म्हणून खांड शोधायला ती वापरू नका. आधी एम्बेडिंगने फक्त खाचरं वेगळी काढा, मग उधाण-भांगाची तुलना तेवढ्यावरच करा. 'पृथ्वी' लावून बघायचंच असेल तर मुख्य भाग गोठवून वरचा थर तेवढा शिकवा, २४ जीबीचं एक कार्ड भागवतं.

हिशेबनीस:
पैशांबद्दल. जीपीयूवर निम्मं बजेट दिसलं की परीक्षक विचारणारच, शेतात कोण उतरणार? मोठा वाटा दोन प्रकल्प सहायक, प्रवास आणि माती-पाण्याच्या चाचण्यांना द्या. उपकरणांत खारेपणा मोजायला विद्युतवाहकता मीटर दोन घ्या, कारण खाऱ्या चिखलात एक बंद पडतोच. सोबत १४१३ मायक्रोसीमेन्सचं प्रमाण द्रावण, रोज सकाळी मीटर त्यावर लावून घ्यायचा. खारपट जागी १२.८८ मिलिसीमेन्सचंही लागेल. माती ० ते १५ सेंमी थरातली. माती-पाणी १:२.५ करून आलेला आकडा आणि संपृक्त अर्काचा (माती पाण्याने पुरती भिजवून काढलेल्या पाण्याचा) आकडा एक नव्हे, कोणती पद्धत ते प्रस्तावातच लिहा. भाताचं उत्पन्न संपृक्त अर्कात ३ डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या वर घटू लागतं. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेलच्या खारजमीन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, २, ३ या जाती जास्त तग धरतात, म्हणून शेतात कोणती जात आहे तेही नोंदवा.

निधीचे दरवाजे: प्रश्न राज्याचा आहे, म्हणून राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगापासून सुरुवात करा. इस्रोच्या रिस्पॉन्ड योजनेत त्यांनी छापलेल्या विषयांपैकी एकाशी तुमचा विषय जुळावा लागतो. यादी बघूनच शीर्षक ठरवा. २०२३ च्या कायद्याने झालेलं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, म्हणजे पूर्वीच्या एसईआरबीची (केंद्राच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची) जागा घेतलेलं, वैज्ञानिक प्रश्न मागतं. तिथे 'साधन बनवू' एवढं चालणार नाही. 'उधाणाच्या फेऱ्यांवरून क्षारप्रवेश किती आधी कळू शकतो' हा प्रश्न पुढे करा.

परदेशी प्रतिष्ठानांचा मोह होईल. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसेल तर तो विषय सोडा. नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. स्थानिक संस्थेला सर्वेक्षणाचे पैसे परस्पर द्यायचा बेत असेल तर तो तिथेच अडेल.

सगळ्यात जास्त प्रकल्प अडकतात ते ३१ मार्चला. जमिनीतला क्षार एप्रिल-मेमध्ये सगळ्यात वर असतो, म्हणजे मोजणीचा मोसम ऐन वर्षअखेरीला लागून. खर्चाचा तपशील आणि जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-अ नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही आणि हप्ता येईपर्यंत मृग लागतो. म्हणून शिल्लक रक्कम पुढे नेण्याची परवानगी फेब्रुवारीतच मागा, मीटर आणि द्रावणं डिसेंबरपर्यंत घेऊन ठेवा. वेळापत्रकात पहिल्या वर्षी फक्त नकाशा आणि पायाभूत पद्धत, मोजणी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. मंजुरी ऑगस्टात आली तरी हे कोलमडत नाही.

खारपाटी:
अचूकता किती टक्के कबूल करावी? ९५ लिहिलं होतं.

भांग-उधाण:
खोडा. शंभरातल्या पाच बंधाऱ्यांना खांड असेल तर 'कुठेच खांड नाही' म्हणणारं मॉडेलही ९५ टक्के अचूक ठरतं. त्याऐवजी लिहा: यादीतल्या पहिल्या दहा बंधाऱ्यांपैकी प्रत्यक्ष पाहणीत किती फुटलेले निघाले आणि फुटलेल्यांपैकी किती यादीबाहेर राहिले. तपासणीसाठी पिक्सेल वाटेल तसे उचलू नका. शेजारचे पिक्सेल जुळे भाऊच असतात, गुण फुगतात. खाडीच्या एका फाट्याकडची सगळी गावं शिकवण्यातून पूर्ण बाहेर ठेवा.

हिशेबनीस:
खारभूमी विकास विभागाचं पत्र जोडा, पण 'प्रकल्पास शुभेच्छा' छापाचं नको. कोणता अधिकारी, कोणत्या महिन्यात, किती बंधाऱ्यांतून निवड करतो आणि तुमची यादी त्याला कोणत्या तारखेपर्यंत हवी, एवढं त्यात असावं. अंदाजपत्रकं लिहून झाल्यावर मेमध्ये यादी पोचली तर तिचा उपयोग शून्य. बंधारा बरीच वर्षं फुटका राहिला की आत कांदळवन रुजतं. मग कांदळवन तोडीविरुद्धच्या २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे आणि सीआरझेडमुळे (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांमुळे) तिथे दुरुस्तीही सहज करता येत नाही. असे तुकडे यादीत वेगळ्या रंगात दाखवा, क्रमांक देऊ नका.

खारपाटी:
म्हणजे अंदाजपत्रकांआधी, डिसेंबरअखेर यादी हवी, आणि ती मागच्या जानेवारी-मेच्या चित्रांवरून. पावसाळ्यात नव्याने गेलेल्या खांडी सुटतील.

भांग-उधाण:
सुटतील. त्यासाठी फेब्रुवारीअखेर एक पुरवणी यादी द्या, जानेवारीपासूनच्या चार उधाणांवरून. पत्रात दोन्ही तारखा घालून घ्या.