मदत हवी आहे : मे महिन्यात मुंबई ते गुहागर, हायवे टाळून, रमतगमत

नमस्कार मंडळी,

मेच्या पहिल्या आठवड्यात आईबाबांना घेऊन गुहागरला जायचा बेत आहे. गोवा हायवेने चिपळूण गाठून एका दिवसात पोचता येतं हे माहीत आहे, पण तसं जायचंच नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने, खाड्या ओलांडत, गावागावांत थांबत जायचंय. बाबांची उभी नोकरी लोकलला लटकण्यात गेली आणि कोकण पाहिलं ते रात्रीच्या एसटीतून, म्हणजे काळोखातच. या वेळी ते म्हणतील तिथे गाडी उभी करायची.

सध्या ठरलंय ते असं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडवा. मग अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड. जंजिऱ्याच्या दारात हलत्या होडीतून उतरणं बाबांच्या गुडघ्यांना झेपणार नाही, तेव्हा राजापुरीच्या धक्क्यावरूनच किल्ला बघू. आगरदांड्याहून जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने दिघी, पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून पुन्हा जंगलजेट्टीने वेश्वी, की रत्नागिरी जिल्हा लागला. मग केळशी, आंजर्ले, हर्णै आणि शेवटी दाभोळहून तशाच फेरीने धोपावे.

आता अडलंय कुठे ते सांगते.

सगळ्यात मोठी काळजी दुपारची. बारा ते चार त्या दमट उन्हात म्हाताऱ्या माणसांना गाडीत बसवून ठेवायचं नाही. वाटेत अशी घरगुती खानावळ माहीत आहे का, जिथे जेवण झाल्यावर ओटीवर किंवा पडवीत तासभर आडवं होऊ देतात? पैसे अर्थातच देऊ. दिवेआगर आणि केळशी या दोन ठिकाणी तर नक्की हवी. आई शाकाहारी आहे. तिला फणसाची भाजी, कुळथाची पिठी आणि सोलकढी मिळाली की तिचं भागतं. दिवेआगरला उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागतात ना? तिथल्या एखाद्या घराचा अनुभव असेल तर जरूर लिहा.

राहायला खोली तळमजल्यावर आणि कमोड असलेली हवी. एसी नसला तरी चालेल, पण रात्री वीज गेली तर पंख्यापुरता इन्व्हर्टर असावा.

जंगलजेट्टीबद्दल : गाडी चढवताना बाकीच्यांना उतरून चालत जावं लागतं का? बाबांना गाडीतच बसू देतात का? मेच्या सुट्टीत रांग किती लागते? दाभोळला संध्याकाळी शेवटची फेरी चुकली तर तिथेच अडकायला होईल, म्हणून विचारतेय.

रस्त्यांचंही जरा सांगा. दिवेआगरहून श्रीवर्धनला शेखाडीवरून समुद्राला चिकटून जाणारा रस्ता सध्या कसा आहे? आणि वेश्वीहून केळशीला मांदिवलीवरून जावं की मंडणगडवरून? केळशी-आंजर्ल्यातल्या गल्ल्या मला फार आवडतात : दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, वरून वाकलेल्या पोफळी, आणि समोरून एसटी आली की एकाला मागे जावंच लागतं. आमची गाडी छोटी आहे, पण सीएनजीची. श्रीवर्धनपुढे पेट्रोलवरच जायचं असं धरून चाललोय, ते बरोबर आहे का?

हर्णैचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव बाबांना दाखवायचाच आहे. 1 जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, म्हणूनही मेमध्येच जायचंय. तिथे वाळूत न उतरता, बसून बघता येईल अशी जागा आहे का? आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे तिथला प्रश्न नाही.

आणि एक मनापासूनची विनंती. ‘बघण्यासारखी ठिकाणं’ सगळीकडे वाचायला मिळतात. मला हवंय ते वेगळं : एखादा पार, धक्क्यावरची चहाची टपरी, आठवडी बाजार, रातांबे फोडत बसलेल्या बायका अंगणात दिसतील अशी वाडी. जिथे तुम्ही स्वतः काही कारण नसताना थांबलात आणि निघावंसं वाटलं नाही, ते सांगा.

शनिवार-रविवारची अलिबाग-काशीदची गर्दी टाळायला सोमवारी निघायचा विचार आहे. आधी हायवेने गुहागर गाठून याच रस्त्याने परत येणं जास्त सोयीचं वाटत असेल, तर तेही कळवा. बुकिंग अजून कुठलंच केलेलं नाही.